उलट्या बोंबा

दर्शनाला त्या संध्याकाळी एक वायरलेस सेट परत करायचा होता, बस्स. जायचं, शेठच्या टेबलावर ठेवायचा, चहा विचारला तर नको म्हणायचं आणि घरी यायचं. एवढ्याशा कामाला काय लागतं?

ऋत्विक, तो मोबाइल आधी खाली ठेव. मघापासून बघतोय मी. आवाज बदलून ओवीला काहीतरी पाठवतोस आणि दोघं खिदळताय. आवाज बदलायचा हा खेळ आपल्या मिरकरवाडा बंदरात एकाने केला होता. त्याने तो धंद्यासाठी केला. दिवे गेलेच आहेत, तर ऐका. सर्वेश, तूही ये. घडलेली गोष्ट आहे. दर्शना माझ्या मावसभावाची सून, आणि जे सांगतोय ते तिच्याच तोंडून ऐकलंय. मध्ये हसलात तर मी उठून जाईन.

तारीखही सांगतो, म्हणजे म्हातारा थापा मारतो असं कोणी म्हणायला नको. तीस डिसेंबर दोन हजार चोवीस. सोमवार होता, आणि मार्गशीर्षातली अमावास्या.

दर्शनाचा नवरा सागर रघूशेठच्या बोटीवर तांडेल होता. ओवी, तुमच्या पुण्याला माहीत नसेल म्हणून सांगतो, तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा कर्ता माणूस. करबुडे गावच्या माझ्या शेतकरी मावसभावाचा पोर, भात-नाचणी सोडून दर्यावर आला आणि दर्याचाच झाला. सुपारीचं खांड तोंडात टाकत नव्हता, दारू तर लांबच. बोटीचं नाव ‘वेदिका’, शेठच्या मुलीचं.

आता रघूशेठ. हा माणूस असा, की आपल्याला मासा कुठे लागला ते दुसऱ्याला कळलं तर याला अन्न गोड लागत नसे. बोटींवर वायरलेस असतो, आणि वायरलेसवर एक बोलला की सगळं बंदर ऐकतं. म्हणून याने मुंबईहून माणूस आणून आपल्या सेटमध्ये कोड बसवून घेतला. कोड म्हणजे काय, तर आपलं बोलणं हवेत जाताना उलटं होतं. त्यातलं जाड ते बारीक होतं, बारीक ते जाड होतं, आणि बाकीच्यांना नुसतं वॅक वॅक ऐकू येतं. तोच कोड असलेल्या सेटवर ते पुन्हा उलटं होतं, म्हणजे सरळ. सदरा उलटा करून वाळत घालतो ना आपण? पुन्हा उलटा केला की सरळ. तसंच ते. बंदरात त्या आवाजाला नाव पडलं ‘रघूशेठचं बदक’.

असे तीन सेट होते. एक बोटीवर, एक शेठच्या घरी वरच्या खोलीत आणि एक हातात धरायचा. कोड बंद करायचं एक बटण असतं. ते बंद केलं की सेट चारचौघांसारखा सरळ बोलतो. पण शेठला धास्ती, की खलाशी आपल्या गाववाल्यांशी बोलतील आणि जागा सांगून टाकतील. मग त्याने काय करावं? बोटीवरच्या सेटचं ते बटण एम-सील कालवून बुजवून टाकलं. स्वतःच्या अंगठ्याने दाबून. त्याच्या अंगठ्यावर लहानपणी कोयता लागल्याची आडवी खूण आहे, ती त्या ओल्या एम-सीलवर उमटली. सागर शेजारीच उभा होता.

“शेठ, कदी गरज लागली तर?” सागरने विचारलं.

“गरज लागली तर मी बसलोय ना इथे?” शेठ म्हणाला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो यापेक्षा वेगळा काय असतो सांगा.

त्याच्या आदल्या वर्षी, याच मार्गशीर्ष अमावास्येला, ‘वेदिका’ बुडाली. अमावास्येलाच का? अंधाऱ्या रात्री दर्यात मोठाले एलईडी लावले की मासा उजेडाला धावून येतो. बंदी आहे त्याला. ‘वेदिका’वर ते दिवे होते हे आख्ख्या बंदराला ठाऊक होतं, आणि आख्खं बंदर गप्प होतं. बोटीवर सागर आणि तिघे खलाशी. तिघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. सागरचं लागलं नाही.

त्या रात्री सगळ्या बोटींनी बदक ऐकलं होतं. मजीदभाई तांडेलाची बोट तर अगदी जवळ होती. “रघूशेठचा बदक आज लय वरडतोय,” म्हणून त्याचे खलाशी हसले, आणि मजीदभाईने सेटचा आवाज बारीक केला. माणसं मरत होती, आणि ऐकणारे हसत होते. त्यांचा काय दोष? त्यांना काय कळणार?

सकाळी रघूशेठ जेटीवर आला आणि चारचौघांत म्हणाला, “माझा सेट रात्रभर बंद होता. सागरला चढली असणार. खडकावर घातलीन बोट.”

चोराच्या उलट्या बोंबा! आणि बोंबा मारणारा शेठ असला की लोक माना डोलावतात. चौकशीतही तेच लिहिलं गेलं. सागरची पोर संस्कृती चौथीत होती. शाळेत तिला मुलं ‘बेवड्याची’ म्हणायला लागली. पोर दप्तर फेकून घरी यायची आणि आईला विचारायची, “बाबा खरंच पियायचे?”

दर्शनाचं रडून झालं होतं. राहिला होता तो राग. कोळंबी सोलायच्या शेडमध्ये दिवसभर उभी राहायची, आणि मनात एकच प्रश्न. सागरने हाक मारली होती की नव्हती? आणि ती या माणसाने ऐकली होती की नव्हती? तीनदा शेठच्या दारात जाऊन विचारलं. तीनदा तेच उत्तर आलं, सेट बंद होता.

तर त्या सोमवारी सकाळी शेठच्या बायकोचा, कमलाबाईंचा, फोन आला. “दर्शना, उद्या नवी बोट सुटत्ये. तो हातातला सेट तुझ्याकडे राहिलाय ना? ते म्हणतात, आजच आणून दे.”

सेट होता तिच्याकडे. बॅटरी फुगली म्हणून सागरने काढून टाकली होती आणि सेट दुरुस्तीला द्यायचा म्हणून घरी आणला होता. द्यायचा राहून गेला. वर्षभर फडताळात पडलेला नुसता रिकामा डबा. पण शेठला तोही हवा होता, त्यात त्याचा कोड होता ना!

शेडमधून सुटून, पोरीला शेजारी बसवून ती निघाली तेव्हा आठ वाजून गेले होते. सेट कापडी पिशवीत. वारा इतका होता की एकही बोट बाहेर गेली नव्हती. सगळ्या जेटीला लागून, एकमेकींवर आपटत होत्या. तांडेल आपापल्या केबिनमध्ये सेट लावून गप्पा मारत बसले होते. शेठचं घर किल्ल्याकडे जाणाऱ्या चढावर. खाली बंदर, वर घर. मधल्या वळणावर दिव्याचा खांब आहे, तो बंद होता.

त्या वळणावर तिला आवाज आला.

छप... छप...

ती थांबली. आवाज थांबला. समुद्र खाली होता, लांब. हा आवाज जवळचा होता. तिने दोन पावलं टाकली.

छप... छप... छप...

बादलीने पाणी उपसल्यासारखा. घाईघाईने. आणि त्यात कोणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज. पिशवीतून.

तिने पिशवी उघडली. सेट बाहेर काढला, उलटा केला. मागे बॅटरीची जागा रिकामी. बोट घालून बघितलं तिने, खरंच रिकामी. आणि वरची जाळी कानाशी नेली तर...

छप.

दुसरी कोणी असती तर सेट टाकून पळाली असती. दर्शना पळाली नाही. ती मला म्हणाली, “तात्यानू, माका भ्या वाटायला होवा होता. पन माझा राग इतका वर इला, की भ्याला जागाच नव्हती.” तिने सेट हातात तसाच धरला आणि चढ चढून गेली.

रघूशेठ वरच्या खोलीत होता. फळीवर त्याचा मोठा सेट चालू, समोर माइक. नव्या बोटीवर कोड लागतो का ते बघत होता. कमलाबाई दारात उभ्या राहिल्या. दर्शनाने सेट टेबलावर ठेवला. तो गप्प होता.

“झालं? जा आता,” शेठ म्हणाला.

“शेठ, आज वर्स झाला. येकदा खरा सांगा. सागरनी हाक मारलीन होती?”

“किती वेळा सांगू गो तुला? सेट बंद होता माझा!”

“देवाची शपथ घ्या.”

“घेतो की! भगवतीची शपथ. माझा सेट बंद होता, आणि तुझा नवरा ढोसून—”

पुढचा शब्द आलाच नाही.

म्हणजे तोंड हलत होतं. ओठ हलत होते. पण बाहेर पडलं ते... वॅक.

शेठ थांबला. खाकरला. पुन्हा बोलायला गेला.

वॅक वॅक... वॅक.

कमलाबाई हसल्या आधी. त्यांना वाटलं, चिडवतायत दर्शनाला. मग त्यांनी नवऱ्याचे डोळे बघितले. डोळे हसत नव्हते.

आणि टेबलावरचा सेट बोलला. बॅटरी नसलेला.

“शेठ... शेठ, सागर बोलतंय. मागल्या फळीतना पानी येतंय. पंप हरला.”

दर्शना भिंतीला टेकली. तोच आवाज होता. त्याला थोडी सर्दी झाली होती त्या दिवशी निघताना. ती सर्दीसुद्धा होती आवाजात.

शेठचा हात उठला. त्याला उठवायचा नव्हता, हे दोघींनाही दिसत होतं. तो मागे खेचत होता आणि हात पुढे जात होता. हाताने माइक उचलला. अंगठा बटणावर बसला. तो अंगठा पांढरा पडला होता, वरून कोणीतरी दाबून धरल्यासारखा. आणि शेठ माइकमध्ये बोलला. वॅक वॅक वॅक. लांबलचक. काही कळलं नाही.

“सोडतंय शेठ, पन हात खंय मोकळे आहेत? चौघाव पानी उपसतंव.”

वॅक वॅक.

“शेठ, मजीदभायची बोट दिसतेय माका. लाइट दिसतेय. माझा बोलना त्यांका कळत नाय. तुमी नुसता त्यांका सांगा...”

वॅक... वॅक वॅक.

“पहाटेपावत नाय टिकनार.”

वॅक.

“शेठ... सेट बंद करू नुको. शेठ...”

मग पाण्याचा आवाज. मग तोही नाही.

काही नाही.

शेठच्या हातातून माइक सुटला आणि वायरीला लोंबकळत राहिला. तो खुर्चीत बसला, आणि तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं त्याने. बोटांच्या फटीतून बारीक वॅक वॅक चालूच होतं.

दर्शना त्याच्याकडे बघत होती. सागरचा शब्द न् शब्द तिने ऐकला होता. हाक मारली होती, हे कळलं. पण या माणसाने तेव्हा काय उत्तर दिलं? तेच नेमकं बदकात गेलं! तिने त्याची कॉलर धरली आणि हलवलं. “बोल! सरळ बोल! काय बोल्लास तू त्याला?” तो नुसता वॅक वॅक करत रडत होता. तिने त्याला सोडलं, टेबलावरचा सेट उचलला आणि तशीच उतार उतरत सुटली. मागे कमलाबाई हाका मारत होत्या.

ती जेटीवर पोचली. इतक्या बोटी, इतकी माणसं, आणि आवाज फक्त वाऱ्याचा. सगळे आपापल्या केबिनमधून बाहेर येऊन उभे होते. मजीदभाई पुढे आला. पहाडासारखा माणूस.

“दर्शनाबाय,” तो म्हणाला, “रघूशेठ आताच सगळ्या बंदराला बोलला. सेटवर. आमी सगळ्यांनी ऐकला.”

“तो तर बदकासारखा वरडत होता. मी समोर होतंय.”

“इथं नाय. इथं साफ ऐकू आला. मदीमदी बदक व्हता, पन शेठचा साफ ऐकू आला.”

कळतंय का तुम्हाला? सर्वेश, तू सांग. नाही? अरे, सदरा. त्याचा सेट सरळ बोलणं उलटं करून हवेत सोडतो. पण त्या रात्री त्याच्या तोंडातूनच उलटं निघत होतं. उलट्याचं उलटं झालं आणि साऱ्या बंदराला सरळ ऐकू आलं. ज्या यंत्राने त्याने सागरचं तोंड बांधलं, त्याच यंत्राने त्याचं तोंड उघडलं. खोलीत सागर सरळ आणि शेठ बदक. बंदरात शेठ सरळ आणि सागर बदक. अर्धं तिच्याकडे, अर्धं यांच्याकडे.

तिने हातातला सेट छातीशी धरला आणि म्हणाली, “सागर बोल्ला, पानी येतंय, पंप हरला. त्यावर काय बोल्ला शेठ?”

मजीदभाई खाली बघत बोलला, “आधी लाइट पान्यात सोड. जनरेटर पन. बोट मिळाली तर नाव माझा येईल.”

“सागर बोल्ला, हात मोकळे नाय.”

“ते पैला कर, मग बघतो.”

“सागर बोल्ला... मजीदभायची बोट दिसतेय, त्यांका सांगा.”

मजीदभाईने तोंड फिरवलं. शेजारचा खलाशी बोलला, “मजीदला नाय सांगायचा. तो आला तर लाइट बघेल.”

“पहाटेपावत नाय टिकनार, बोल्ला.”

“पहाट होऊ दे.”

“सेट बंद करू नुको, बोल्ला.”

त्यावर शेठ काही बोललाच नव्हता. सेटवर फक्त बटण बंद केल्याची एक टक ऐकू आली होती, एवढंच मजीदभाईने सांगितलं.

मग जेटीवर जे झालं ते तुम्ही विचारू नका. खालची सगळी माणसं चढावर निघाली होती. दर्शनाच आडवी उभी राहिली. तिला त्याला मारायचं नव्हतं. ती ओरडून म्हणाली, “त्याला जगू दे. बोलू दे. आयुष्यभर बोलू दे, आनि कुनाक कळू नये!” असा शाप मी आजवर ऐकला नाही, आणि तो तिने काही अंगात येऊन दिला नाही. शुद्धीत, रागाने दिला.

तसंच झालंय. रघूशेठ जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात, मेंदूतली रक्तवाहिनी, वाचा गेली. हात चालतात, पाय चालतात, जेवतो, आणि बोलायला गेला की वॅक. लिहून दाखव म्हटलं तर अक्षरंही उलटी काढतो. पोलिसांत जबाब झाले. पण साक्षीदार कोण, तर बुडालेला माणूस! कागदावर अजून ‘तांडेलाची चूक’ असंच आहे. मला त्याचा संताप आहे, आणि मरेपर्यंत राहील. बंदरापुरतं मात्र सागरचं नाव धुऊन निघालं. मजीदभाई स्वतः शाळेत जाऊन वर्गासमोर उभा राहिला आणि पोरांना म्हणाला, “हिचा बाप शेवटपर्यंत हाक मारत व्हता. आमी हसलो. आमाला बोला काय ते.” तेव्हापासून संस्कृतीला कोणी काही बोलत नाही.

ओवी, रडू नकोस. अजून एक राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाबाई दर्शनाच्या खोलीवर आल्या. एकट्या. शेठची बायको त्या गल्लीत कधी आली नव्हती. बसल्या नाहीत. पदराच्या टोकात काहीतरी बांधून आणलं होतं, ते सोडून त्यांनी दर्शनाच्या हातावर ठेवलं.

“फळीवर होतं,” त्या म्हणाल्या. “मोठ्या सेटच्या पुढ्यात. खाली पाणी साचलं होतं. चाखून बघितलं मी... खारट होतं.”

ते एक करड्या रंगाचं ढेकूळ होतं, लिंबाएवढंही नाही. एका बाजूला चौकोनी खळगा, बटणाच्या मापाचा. वर हिरवट बुळबुळ आणि एक इवलासा शिंपला घट्ट चिकटलेला. दर्शनाने अंगठ्याने ती बुळबुळ पुसली. खाली दुसरा एक अंगठा उमटलेला होता, मध्ये आडवी खूण.

“माझ्याच ओट्यावर कालवलं होतं त्यांनी ते एम-सील,” कमलाबाई म्हणाल्या. “मी ओळखत्ये.” आणि निघून गेल्या.

‘वेदिका’ अजून तळाशी आहे. तिथवर आजपर्यंत कोणी पोचलेलं नाही. पण ते ढेकूळ दर्शनाच्या खोलीत आहे, मी हातात घेऊन बघितलंय. म्हणजे पोरांनो... खाली, सागरच्या सेटवरचं कोड बंद करायचं ते बटण आता मोकळं आहे.